चमच्याचा वास्तुशिल्पी

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे ११ फेब्रुवारी १९०२ रोजी आर्ने याकोबसेनचा जन्म झाला. लहानपणी त्याच्या खोलीच्या भिंतींवर नक्षीचा कागद चिकटवलेला होता. तो त्याला मुळीच आवडेना. एके दिवशी त्याने सगळ्या भिंती पांढऱ्या रंगाने रंगवून टाकल्या! चित्रकार होण्याची त्याची फार इच्छा होती. परंतु वडिलांच्या सल्ल्यावरून तो वास्तुविद्येकडे वळला. १९२७ मध्ये त्याचे शिक्षण पूर्ण झाले आणि थोड्याच वर्षांत त्याने बांधलेल्या साध्या, शुभ्र घरांची कीर्ती पसरली.

१९४० साली जर्मनीने डेन्मार्क व्यापला. याकोबसेन ज्यू होता. १९४३ मध्ये ज्यूंची धरपकड सुरू होताच एका लहानशा होडीतून सामुद्रधुनी ओलांडून त्याने पत्नीसह स्वीडन गाठले. परक्या मुलखात त्याला इमारतींचे काम कोण देणार? तो रानफुलांची चित्रे काढी आणि पत्नी योना ती कापडावर छापी. युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये ती दोघे मायदेशी परतली.

पुढे कोपनहेगनमध्ये एका विमान कंपनीचे उंच हॉटेल बांधण्याचे काम त्याच्याकडे आले. केवळ इमारत उभारून त्याचे समाधान होईना. खुर्च्या, दिवे, पडदे, दारांच्या मुठी, सारे त्याने स्वतः आखले. मग जेवणाच्या मेजावरील काटे-चमचे तरी कसे सुटावेत? १९५७ मध्ये त्याने ते स्टेनलेस स्टीलचे, म्हणजे सहजी न गंजणाऱ्या पोलादाचे केले. प्रतिष्ठितांच्या मेजावर तेव्हा चांदीला मान होता. याकोबसेनने वेलबुट्टी तर काढून टाकलीच, पण सुरीची मूठ आणि पाते यांमधील सांधाही नाहीसा केला. रश्शाचा चमचा त्याने उजव्या हातासाठी वेगळा आणि डावऱ्यांसाठी वेगळा योजला. गंमत अशी, की हे पोलादी काम घडवले ते चांदीकामासाठी नावाजलेल्या मिकेल्सन यांच्या पेढीने.

१९६० मध्ये हॉटेल सुरू झाले. पाहुणे मात्र त्या अरुंद काट्या-चमच्यांनी त्रासले. वाटाणे घसरू लागले, तक्रारी आल्या, आणि हॉटेलने नेहमीचे काटे-चमचे मांडले. तक्रार अगदीच खोटी नव्हती. पण आकाराच्या बाबतीत याकोबसेन हट्टी होता. त्याने तो बदलला नाही. १९६८ मध्ये अंतराळप्रवासावरील एक प्रसिद्ध चित्रपट निघाला. त्यात २००१ सालचे प्रवासी जेवताना दाखवायचे होते. त्यांच्या हातांत दिले गेले ते याकोबसेनचेच काटे-चमचे!

दरम्यान, एका पोलादी भांड्यांच्या कंपनीत काम करणाऱ्या त्याच्या सावत्र मुलाने त्याला भांडी आखण्याची गळ घातली. याकोबसेनने जेवता जेवता हातरुमालावर काही नळकांडी रेखाटली. आकार दिसायला किती सोपा! परंतु पोलादाचे इतके सरळ आणि नेमके नळकांडे बनवण्याची यंत्रे कारखान्यात नव्हती. नवी यंत्रे आणि जोडकामाच्या नव्या पद्धती सिद्ध करण्यात तीन वर्षे गेली. अखेर १९६७ मध्ये ती भांडी बाजारात आली.

२४ मार्च १९७१ रोजी याकोबसेनचा मृत्यू झाला. डेन्मार्कच्या राष्ट्रीय बँकेची इमारत तेव्हा अपुरी होती. ती त्याच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये पुरी केली. हॉटेलच्या खोल्यांची मांडणी काळाच्या ओघात बदलली. ६०६ क्रमांकाची खोली तेवढी त्याने आखली होती तशीच जपून ठेवली आहे.