रक्तगटांचे शोधक डॉ. कार्ल लँडस्टायनर

मातेच्या देहातील जी शक्ती रोगजंतूंपासून तिचे रक्षण करिते, तीच क्वचित् तिच्या उदरातील बालकाचा घात करिते. हे गूढ ज्यांच्या परिश्रमांमुळे उकलले, त्या डॉ. लँडस्टायनर यांचे अल्प चरित्र आम्ही विद्यार्थिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

त्यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी ऑस्ट्रिया देशात झाला. सहाव्या वर्षीच पितृछत्र हरपले व मातोश्री फॅनी यांनी त्यांस वाढविले. मातेवर त्यांची भक्ती एवढी की, तिच्या निधनानंतर घेतलेला तिच्या मुखाचा साचा त्यांनी आमरण आपल्या भिंतीवर ठेविला. १८९१ साली ते व्हिएन्ना विद्यापीठातून वैद्यकीची पदवी घेऊन बाहेर पडले. परंतु त्यांचा ओढा प्रयोगशाळेकडे होता. १९०१ साली त्यांनी मानवी रक्ताचे गट दाखवून दिले आणि परक्याचे रक्त दिल्याने रोगी का दगावतो, याचा उलगडा झाला. पहिल्या महायुद्धानंतरच्या हलाखीत त्यांस मायदेश सोडावा लागला. हॉलंडमार्गे ते १९२३ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत गेले. १९३० साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले.

तरीही त्यांनी विश्रांती घेतली नाही. सत्तरी उलटल्यावर, १९४० साली, त्यांनी अलेक्झांडर वीनर यांच्यासह ऱ्हीसस माकडाच्या रक्तावरील प्रयोगांतून मानवी रक्तातील ‘आरएच’ घटक शोधिला. त्यांचे पूर्वीचे सहकारी फिलिप लेव्हिन यांनी १९४१ साली त्याचा प्रसूतीशी संबंध स्पष्ट केला. हा घटक मातेच्या रक्तात नसून बालकाच्या रक्तात असला, तर प्रसूतिसमयी बालकाचे थोडे रक्त मातेच्या रक्तात मिसळते. तिचे शरीर त्यास परके मानून प्रतिद्रव्ये निर्माण करिते. पहिले मूल बहुधा सुखरूप राहते. परंतु पुढील गर्भारपणी ती प्रतिद्रव्ये वारेतून बालकापर्यंत पोहोचून त्याच्या रक्तपेशींचा नाश करितात. एकामागून एक अपत्ये गमावणाऱ्या कित्येक मातांच्या दुःखाचे कारण अशा रीतीने कळले.

उपाय पाहण्यास मात्र डॉक्टरसाहेब उरले नाहीत. प्रयोगशाळेत काम करीत असतानाच त्यांस हृदयविकाराचा झटका आला व २६ जून १९४३ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६८ साली, अमेरिकेत तयार प्रतिद्रव्यांचे इंजेक्शन प्रचारात आले. प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत ते दिल्यास, मातेचे शरीर स्वतःची प्रतिद्रव्ये निर्माण करण्यापूर्वीच बालकाच्या रक्तपेशी तिच्या रक्तातून नाहीशा होतात व पुढील अपत्यावरील संकट टळते.

ज्या फळाची चव आपणांस मिळणार नाही, त्याचे रोप लावणे हीच खरी ज्ञानसेवा होय, असे आम्हांस या चरित्रावरून वाटते.