छत्रपती राजाराम महाराज आणि जिंजीची राजधानी

मार्च १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, तेव्हा राजाराम महाराज १९ वर्षांचे होते. रायगडाला मोगलांचा वेढा पडला होता. येसूबाईंच्या सल्ल्याने महाराज गडाबाहेर पडले. येसूबाई व बाल शाहू मात्र मागे राहिले. त्याच वर्षी गड पडला आणि दोघे कैद झाले.

शिवरायांनी १६७७ मध्ये तमिळ मुलखातील जिंजीचा किल्ला जिंकून बळकट केला होता. नवी राजधानी म्हणून तोच निवडला गेला. पन्हाळ्याहून वेश पालटून निघालेल्या महाराजांना वाटेत केळदीच्या राणी चेन्नम्मांनी मदत केली. (आपल्या जिल्ह्यातील कित्तूरच्या राणी चेन्नम्मा नंतरच्या, १८२४ च्या लढ्यातल्या.) या मदतीमुळे त्यांच्यावर मोगल फौज चालून आली.

जिंजीने सात वर्षांहून अधिक काळ वेढा सोसला. इकडे संताजी-धनाजी लढत राहिले. १६९८ मध्ये किल्ला पडला, पण महाराज आधीच निसटले होते. पुढे सातारा राजधानी झाली. १७०० मध्ये सिंहगडावर महाराजांचे निधन झाले.

राजधानी दूर गेली म्हणून राज्य वाचले. ते वाचवण्यात एका कन्नड राणीचाही वाटा होता, हे आपण सीमाभागातील मराठी मुलांनी कायम लक्षात ठेवूया.