दिनविशेष, २० डिसेंबर : न्हाव्याच्या हाताखाली शिकून राजाचा सर्जन झालेला आंब्रवाज पारे

आज आंब्रवाज पारे यांचा स्मृतिदिन. १५९० साली याच दिवशी पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं. शस्त्रक्रियेला मानाचं स्थान मिळवून देणाऱ्यांत त्यांचं नाव आघाडीवर आहे.

पारे यांचा जन्म १५१० च्या सुमारास फ्रान्समधल्या लावाल गावाजवळ, साध्या घरात झाला. त्या काळी तिथं वैद्यकाच्या तीन पायऱ्या होत्या. सगळ्यात वर विद्यापीठाचे डॉक्टर. ते लॅटिन ग्रंथ वाचून औषध सांगायचे, चिरफाडीला हात लावत नसत. मधे लांब झगेवाले शल्यवैद्य. खाली न्हावी. दाढी करायची, गळू फोडायचं, जखम बांधायची, हे त्यांचं काम. पारे खालच्या पायरीवरचे. लॅटिन त्यांना येत नव्हतं. न्हाव्याकडे उमेदवारी करून ते पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयात तीनेक वर्षं राबले.

पुढं ते सैन्याबरोबर इटलीत गेले. बंदुकीच्या जखमेत विष असतं असं समजून तिच्यात उकळतं तेल ओतायची रीत होती. एकदा तेल संपलं. पारे यांनी अंड्याचा बलक, गुलाबाचं तेल आणि टर्पेंटाइन मिसळून लावलं. रात्रभर त्यांना झोप नाही. सकाळी पाहतात तर हे जखमी शांत, आणि तेलवाले तापानं, सुजेनं तळमळत होते. तेव्हापासून त्यांनी तेल सोडलं. पुढं पाय कापताना डाग देण्याऐवजी रक्तवाहिनी दोऱ्यानं बांधायला सुरुवात केली.

हे सारं त्यांनी १५४५ पासून साध्या फ्रेंचमध्ये लिहिलं, म्हणजे इतर न्हाव्यांनाही वाचता यावं. १५५४ मध्ये शल्यवैद्यांच्या संस्थेनं त्यांना लॅटिन येत नसतानाही सामावून घेतलं. चार राजांची त्यांनी सेवा केली. तरी १५७५ मध्ये त्यांचा समग्र ग्रंथ निघाला तेव्हा विद्यापीठाच्या डॉक्टरांनी हरकत घेतलीच. ग्रंथ मात्र थांबला नाही, त्यांच्या हयातीतच पुन्हा छापला गेला.

१७४३ मध्ये फ्रान्सच्या राजानं सर्जन आणि न्हावी कायमचे वेगळे केले. पॅरिसमध्ये सर्जन व्हायला विद्यापीठाची पदवी सक्तीची झाली. पेशाला मान मिळाला, पण त्या नियमानं खुद्द पारे यांनाही दार बंदच राहिलं असतं.