मादाम क्यूरी आणि शिशाची पेटी

स्मरणिकेसाठी प्रत्येकीने एका थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे असे बैठकीत ठरले, तेव्हा जिजाबाई, अहल्याबाई, सावित्रीबाई ही नावे मैत्रिणींनी लगेच घेऊन टाकली. मी मादाम क्यूरी मागितल्या. सातवी झालेल्या बाईने विज्ञानातल्या बाईवर लिहायचे म्हणजे धाडसच, म्हणून काहीजणी हसल्याही. पण त्याला कारण आहे, ते ओघात येईलच.

आपल्या गल्लीच्या तोंडाशी गाड्यांना रेडियम लावून देणारे दुकान आहे. रात्री दिवा पडला की त्या पट्ट्या चकाकतात. कित्येक वर्षे रेडियम म्हणजे तेच, अशी माझी समजूत होती. मुलीने सांगितले की त्या कागदात रेडियमचा कणसुद्धा नसतो, तो नुसता उजेड परतवतो. खरे रेडियम हा एक धातू आहे, तो स्वतःच किरण टाकत असतो, आणि तो ज्या बाईने शोधला तिचे हे चरित्र.

मेरीचे माहेरचे नाव मारिया स्क्लोदोव्स्का. घरात तिला मान्या म्हणत. ७ नोव्हेंबर १८६७ रोजी पोलंडमधल्या वॉर्सा शहरी तिचा जन्म झाला. पाच भावंडांत ती धाकटी. वडील गणित आणि पदार्थविज्ञान शिकवीत, आई मुलींची शाळा चालवी. पोलंडवर तेव्हा रशियाच्या झारचे राज्य होते. आईला क्षय झाला. मुलांना लागण होऊ नये म्हणून ती माउली आपली भांडी वेगळी ठेवी आणि लेकींना कधी जवळ घेऊन पापा घेत नसे. मान्या दहा वर्षांची असताना आई गेली. त्याआधी थोरली बहीण तापाने गेली होती.

मान्या शाळेत पहिली आली, पण वॉर्साच्या विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता. तेव्हा दोघी बहिणींनी एक करार केला. आधी ब्रोन्याने पॅरिसला जाऊन डॉक्टरीण व्हायचे, मान्याने परक्यांच्या घरी मुले शिकवून तिला पैसे पाठवायचे, आणि मग ब्रोन्याने मान्याला बोलवायचे. मान्याने तरुणपणाची बरीच वर्षे दुसऱ्यांच्या घरी काढली. आपल्याकडे धाकटीने थोरलीसाठी एवढे केले असते तर तिचे लग्न राहिले म्हणून किती बोल लागले असते! १८९१ साली ती पॅरिसला पोहोचली. वरच्या मजल्यावरच्या थंड खोलीत राहून, पाव आणि चहावर दिवस काढून, एकदा तर भुकेने घेरी येऊन पडूनही ती शिकली. १८९३ साली पदार्थविज्ञानाच्या परीक्षेत पहिली आली, पुढल्या वर्षी गणितात दुसरी.

१८९५ साली पिएर क्यूरी या शास्त्रज्ञाशी तिचे लग्न झाले. लग्नासाठी तिने गडद निळा पोशाख शिवून घेतला, म्हणजे पुढे तो प्रयोगशाळेत वापरता येईल. आहेराच्या पैशांतून दोघांनी सायकली घेतल्या. १८९७ साली थोरली मुलगी इरेन झाली.

त्याच्या आदल्या वर्षी बेकरेल नावाच्या शास्त्रज्ञाला असे दिसले होते की युरेनियम आपल्या आपण अदृश्य किरण टाकते. मेरीबाईंनी हाच विषय घेतला. पिचब्लेंड नावाचे काळे खनिज त्यांनी मोजून पाहिले, तर त्यात असलेल्या युरेनियमच्या मानाने किरण फारच जास्त निघाले. डब्यात हिंगाचा बारीक खडा दिसत नाही, पण वास सांगतो की तो आहे, तसेच हे. १८९८ च्या जुलैत एक नवा पदार्थ सापडला. त्याला त्यांनी आपल्या पारतंत्र्यातल्या देशाचे नाव दिले, पोलोनियम. डिसेंबरात दुसरा सापडला, तो रेडियम.

आता तो हातावर काढून दाखवायचा होता, आणि ही गोष्ट मला सगळ्यात आवडते. त्यांना प्रयोगशाळा मिळाली ती म्हणजे एक गळकी पडवी. पूर्वी तिथे वैद्यकीचे विद्यार्थी प्रेते चिरीत. ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या खाणीतून, युरेनियम काढून घेतल्यावर उरलेला चोथा पोत्यांनी आला. मेरीबाई एका वेळी वीस वीस किलो माल भांड्यात उकळीत आणि आपल्याच उंचीच्या लोखंडी सळीने दिवसभर ढवळीत. मग पाक आटवून थंड करायचा, खडे धरले की ते वेगळे काढायचे, पुन्हा विरघळवायचे, पुन्हा आटवायचे. ज्यांनी खडीसाखर होताना पाहिली आहे त्यांना ही रीत समजेल. चार वर्षांच्या या खटाटोपातून १९०२ साली हाती आले ते एक दशांश ग्रॅम रेडियम क्लोराइड, मिठाच्या चिमटीएवढेसुद्धा नव्हे. रात्री नवराबायको मुद्दाम त्या पडवीत जात आणि अंधारात निळसर उजळणाऱ्या त्या बाटल्या बघत उभी राहत. त्यांनी या कृतीचे पेटंट घेतले नाही. श्रीमंत झाल्या असत्या, पण नाही.

तो उजेड अंगाला काय करतो हे तेव्हा कोणालाच नीट ठाऊक नव्हते. पिएर यांनी मुद्दाम आपल्या दंडावर रेडियम काही तास बांधून पाहिले. जखम झाली, ती महिना उलटला तरी भरेना. बेकरेल यांनी खिशात नळी ठेवली, त्यांच्याही पोटाशी भाजले. यावरूनच डॉक्टरांना सुचले की निरोगी मांस जाळते तर कर्करोगाची गाठही जाळील. मेरीबाईंच्या बोटांची टोके कडक होऊन भेगाळली होती.

१९०३ साली नोबेल पारितोषिक बेकरेल आणि क्यूरी दांपत्याला मिळाले. आधी त्यात बाईंचे नाव घालायचा विचारच नव्हता. पिएरना हे कळले तेव्हा त्यांनी आग्रह धरला, म्हणून ते आले. १९०६ च्या १९ एप्रिलला पावसात रस्ता ओलांडताना पिएर घोडागाडीखाली सापडून गेले. धाकटी ईव्ह तेव्हा दीड वर्षाची. पतीची जागा विद्यापीठाने मेरीबाईंना दिली, सोर्बोन विद्यापीठात शिकवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पहिल्या दिवशी गर्दी झाली. लोकांना वाटले बाई रडतील, काही बोलतील. त्यांनी पिएर जिथे थांबले होते त्या मुद्द्यापासून शिकवायला सुरुवात केली.

१९१० साली त्यांनी सहकाऱ्याबरोबर शुद्ध रेडियम धातू काढला. तो रुपेरी असतो, हवा लागली की काळवंडतो आणि पाण्याशी त्याची जोराची क्रिया होते. १९११ साली फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने त्यांना थोड्या मतांनी नाकारले. त्याच वर्षी वर्तमानपत्रांनी त्यांच्या खाजगी आयुष्याची फार निंदा केली. त्यात मी शिरत नाही. विधवेकडे बोट दाखवणारे सगळीकडे असतात. त्याच साली दुसरे नोबेल मिळाले, रसायनशास्त्राचे.

पहिल्या महायुद्धात त्या स्वतः मोटार चालवायला शिकल्या, क्ष-किरणांची यंत्रे मोटारींत बसवून आघाडीवर नेली आणि जखमी शिपायांच्या अंगातल्या गोळ्या शोधायला मदत केली. अठरा वर्षांची इरेनही बरोबर होती. १९२१ साली अमेरिकेतल्या बायकांनी वर्गणी जमवून एक लाख डॉलरचे एक ग्रॅम रेडियम त्यांना भेट दिले. ज्यांनी स्वतः ते शोधले त्यांच्याजवळ विकत घ्यायला पैसे नव्हते. आदल्या रात्री त्यांनी भेटीचा कागद बदलून घेतला, की हे माझे नाही, प्रयोगशाळेचे राहील. ते रेडियम शिशाच्या जाड पेटीत होते.

आता ही शिशाची पेटी कशाला, ते मला समजले तसे सांगते. रेडियमचे काही किरण कागदानेही अडतात, पण काही इतके तीव्र की त्यांना शिसेच लागते. म्हणून नियम तीन: जवळ थोडाच वेळ थांबा, लांब राहा, मध्ये आडोसा ठेवा. हात लावायचा नाही, चिमट्याने धरायचे. त्यातून एक वायूही निघत असतो, त्याचा दाब वाढून बंद नळी फुटू शकते. सगळ्यात वाईट म्हणजे ते पोटात जाणे. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवते. अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्या रेडियमने रंगवणाऱ्या मुली टोक यावे म्हणून कुंचला ओठांत घेत. त्यांचे जबडे सडले, कित्येकजणी मेल्या. त्यांतल्या पाचजणींनी कोर्टात लढून १९२८ साली भरपाई मिळवली. पुढे कामगारांसाठी नियम झाले त्यांत या मुलींचा वाटा आहे. जगभर धोक्याच्या मालाचे नऊ वर्ग केले आहेत. पेट्रोलच्या टँकरवर ३ असतो, किरणोत्सारी मालावर ७ आणि तीन पात्यांचे चिन्ह. हे चिन्ह भंगारात दिसले तर हात लावू नये, पोलिसांना कळवावे. २०१० साली दिल्लीत मायापुरीच्या भंगारबाजारात असेच एक जुने यंत्र फोडले गेले आणि एक कामगार दगावला.

मेरीबाई विद्यार्थ्यांना चिमटा घ्या, शिशाआड राहा असे बजावीत, आणि स्वतः मात्र विसरत. ४ जुलै १९३४ रोजी रक्त तयार होणे बंद पडून त्या गेल्या. १९९५ साली त्यांच्या अस्थी पॅरिसच्या पॅन्थिऑनमध्ये नेल्या, तेव्हा तपासणाऱ्यांचे मत पडले की रेडियमपेक्षा युद्धातल्या क्ष-किरणांनीच अधिक घात केला असावा. त्यांच्या वह्या आजही शिशाच्या पेट्यांत आहेत. रेडियमचा जोर निम्मा व्हायलाच सोळाशे वर्षे लागतात.

आता माझे कारण. चार वर्षांपूर्वी सासूबाईंना कर्करोग झाला आणि त्यांना पंचवीस दिवस शेक दिले, मग आतूनही. शेक द्यायची वेळ झाली की सगळे खोलीबाहेर जात, जाड दार लागे, त्या एकट्याच आत. हे पाहून मी मनात धरले की किरण त्यांच्या अंगात राहिले. घरी मी त्यांचे ताट, वाटी, फुलपात्र वेगळे केले. नातू रोज आजीजवळ निजत असे, त्याला आमच्या खोलीत आणले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. दोन महिने असे चालले. पुढच्या तपासणीला मुलीने डॉक्टरांना विचारले, तेव्हा कळले की यंत्र बंद झाले की किरण संपले, दिवा मालवल्यावर भिंतीत उजेड उरत नाही तसे, आणि आत ठेवलेले उपचार संपताच काढून घेतात. काही औषधे पोटात देतात, त्यांना मात्र काही दिवस जपावे लागते, ते डॉक्टर आधीच सांगतात. आमच्या बाबतीत तसे नव्हते. मी विचारलेच नव्हते.

त्या रात्री मी ते ताट इतर ताटांत ठेवले आणि पोराला आजीकडे धाडले. सासूबाईंची तब्येत आता चांगली आहे. हा लेख लिहिताना मी त्यांना पुस्तकातले मेरीबाईंचे चित्र दाखवले. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिले आणि विचारले की बाई एवढी वाळलेली कशी, हिला कोणी वेळेवर जेवायला वाढत नव्हते का.