नील्स येर्ने : प्रतिपिंडांवरची प्रतिपिंडं

मंडळी, यंदाच्या अंकासाठी एका डॅनिश शास्त्रज्ञाची ओळख करून देते. नाव नील्स येर्ने. मधलं नाव काय विचाराल, तर ते 'काय'च! नील्स काय येर्ने. आपल्यासारखाच देशोदेशी बिऱ्हाड हलवत राहिलेला माणूस, म्हणूनही मला तो जवळचा वाटतो.

२३ डिसेंबर १९११ रोजी लंडनमध्ये डॅनिश आईवडिलांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. शाळा रॉटरडॅमला, मग लायडनला दोन वर्षं भौतिकशास्त्र. ते सोडलं आणि पुढे कोपनहेगनला वैद्यकशास्त्र घेतलं. १९४३ पासून तिथल्या सरकारी सीरम संस्थेत नोकरी आणि १९५१ मध्ये डॉक्टरेट. तेव्हा वय होतं ३९! मुलगा विशीत मार्गी लागला नाही तर काळजीत पडणाऱ्या आपल्या आईबाबांनी हे जरूर वाचावं.

संस्थेत ते घटसर्पावरच्या सीरमची ताकद मोजत. शरीरात रोगजंतू शिरला की त्याला पकडणारी प्रतिपिंडं म्हणजे अँटीबॉडीज तयार होतात. पण कशा? मोदकाच्या साच्यासारखं जंतूवर दाबून प्रतिपिंडाला आकार येतो, असं तेव्हा मानत. येर्नेंनी १९५५ मध्ये वेगळंच मांडलं. कासाराकडे जशा सगळ्या मापांच्या बांगड्या आधीच असतात, तशी शरीरात असंख्य प्रकारची प्रतिपिंडं आधीपासूनच असतात. जंतू आला की त्याला नेमकं बसणारं निवडलं जातं आणि मग तेच भरपूर बनतं. दोनच वर्षांनी बर्नेट यांनी त्यात दुरुस्ती केली, की निवड होते ती प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशीची. निवडीची मूळ कल्पना मात्र टिकली.

मग जिनिव्हाला जागतिक आरोग्य संघटना, अमेरिकेत पिट्सबर्ग, आणि १९६६ ते १९६९ चक्क आपलं फ्रँकफर्ट! तिथल्या पाउल एरलिश संस्थेचे ते संचालक होते. ही संस्था आता जवळच्या लांगेनला आहे. पुढे आमच्या बाडेन-व्युर्टेंबर्गच्या सीमेला लागून असलेल्या बाझेलमध्ये नवी संस्था उभारून त्यांनी १९८० पर्यंत ती चालवली.

१९७४ मध्ये त्यांनी आणखी एक धाडसी कल्पना मांडली. प्रत्येक प्रतिपिंडाच्या टोकाचा आकार खास त्याचाच असतो. मग शरीर त्या टोकाविरुद्धही प्रतिपिंड बनवणार, त्याविरुद्ध आणखी एक, आणि या जाळ्यातूनच प्रतिकारशक्तीचा तोल राखला जाणार. 

हे मला पुस्तकातून कळलं नाही. त्सुफेनहाउझेनला आमच्या फ्रिजमध्ये दुधाशेजारी संधिवाताची इंजेक्शनं असायची. अडालिमुमॅब, म्हणजे कारखान्यात बनवलेलं प्रतिपिंड. दर दोन आठवड्यांनी टोचायचं. दीड वर्ष छान गेलं, मग सकाळी बोटं पुन्हा आखडायला लागली. पोळी लाटणं तर सोडाच, शर्टाचं बटणही लागेना. रक्त तपासल्यावर समजलं, की माझ्या शरीरानं औषधाविरुद्धच प्रतिपिंडं बनवली होती. त्यांचा रोख बहुतेक वेळा त्या खास टोकावरच असतो. डॉक्टरांनी औषध बदललं.

गंमत म्हणजे हीच गोष्ट प्रयोगशाळेत मुद्दाम घडवतात. प्रतिपिंडाच्या टोकाशी अमिनो आम्लांच्या लहान माळा असतात. तशीच १०-२० मण्यांची माळ ओवतात, तिला पेप्टाइड म्हणायचं. एवढीशी माळ शरीराच्या नजरेत भरत नाही, म्हणून ती मोठ्या प्रथिनाला जोडून सशाला टोचतात. सशाच्या रक्तातून नेमकं ते टोक ओळखणारी प्रतिपिंडं वेगळी काढतात. सुटी माळ आणि टोकाशी दुमडलेली माळ यांचा आकार कधीकधी जुळत नाही, मग अख्खं प्रतिपिंडच टोचावं लागतं. रुग्णाच्या रक्तात प्रतिपिंडाचं औषध किती उरलंय हे मोजायला अशीच प्रतिपिंडं वापरतात.

१९८४ मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांच्याबरोबर येर्नेंना वैद्यकाचं नोबेल मिळालं. योगायोग असा, की त्याच वर्षीचं रसायनशास्त्राचं नोबेल पेप्टाइडची माळ ओवायची सोपी रीत शोधणाऱ्या मेरीफील्ड यांना होतं. नोबेलच्या भाषणात येर्नेंनी प्रतिकारशक्तीची तुलना व्याकरणाशी केली : थोडे नियम, अगणित वाक्यं. आपल्याला पाणिनीच आठवावा!

७ ऑक्टोबर १९९४ रोजी दक्षिण फ्रान्समध्ये येर्ने वारले. त्यांची जाळ्याची कल्पना पूर्णपणे सिद्ध झाली नाही, बहुतेक शास्त्रज्ञांनी ती बाजूला ठेवली. पण प्रतिपिंडावरची प्रतिपिंडं खरी निघाली आणि आज रोजच्या तपासणीत कामाला येतात. तेव्हा घरात कुणाला असं इंजेक्शन चालू असेल आणि त्याचा गुण ओसरतोय असं वाटलं, तर ते परस्पर बंद करू नका. रक्तातली औषधाची पातळी आणि त्याविरुद्धची प्रतिपिंडं तपासता येतील का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.