जॅक लंडनची अपुरी सागरयात्रा

‘कॉल ऑफ द वाइल्ड’ ही कादंबरी १९०३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि जॅक लंडन हे नाव जगभर पोहोचले. बर्फाळ प्रदेश, घसरगाड्या ओढणारे कुत्रे आणि सोन्याच्या मागे धावणारी माणसे यांचा लेखक म्हणून वाचक त्याला आजही ओळखतात. मात्र त्याच्या आयुष्याची दिशा बदलणारे साहस घडले ते प्रशांत महासागरातील उष्ण कटिबंधीय बेटांवर, ‘स्नार्क’ नावाच्या एका छोट्या शिडाच्या नौकेवर.

जॅकचा जन्म १२ जानेवारी १८७६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. घरची परिस्थिती बेताची. शिक्षण अर्धवट सोडून त्याला कारखान्यात राबावे लागले. उसन्या पैशांतून एक लहानशी होडी घेऊन त्याने सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत रात्री कालवांची चोरी केली. पुढे अशा चोरांना पकडणाऱ्या गस्ती पथकातही तो दाखल झाला. १८९३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, सीलच्या शिकारीला निघालेल्या जहाजावर खलाशी म्हणून तो जपानच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन आला. लेखणीच्या आधी त्याच्या हाती सुकाणू आले होते.

कीर्ती आणि पैसा मिळाल्यावर त्याला पुन्हा समुद्राची ओढ लागली. जोशुआ स्लोकम या दर्यावर्द्याने एकट्याने केलेल्या पृथ्वीप्रदक्षिणेचे वर्णन त्याने वाचले होते. पत्नी शार्मियनसह सात वर्षांत जगाला वळसा घालण्याचा बेत त्याने आखला. नौका सुमारे ५५ फूट लांबीची, दोन डोलकाठ्यांची. अंदाजित खर्च सात हजार डॉलर. पण १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपाने सॅन फ्रान्सिस्को शहर उद्ध्वस्त केले आणि मजूर, लाकूड, लोखंड अशा सगळ्यांचेच भाव भडकले. खर्च तीस हजारांवर गेला. ऑक्टोबर १९०६ मध्ये निघायचे ठरलेली नौका प्रत्यक्षात २३ एप्रिल १९०७ रोजी ओकलंडहून सुटली.

पहिल्याच टप्प्यात तिचे दोष उघडे पडले. तळातून पाणी झिरपू लागले, पेट्रोलच्या टाक्या गळू लागल्या. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की मार्गदर्शनासाठी घेतलेल्या गृहस्थांना सागरी दिशाशास्त्राचे पुरेसे ज्ञानच नव्हते. तेव्हा जॅकने पुस्तके उघडली, सेक्स्टंट हाती घेतला आणि सूर्याच्या उंचीवरून नौकेचे स्थान काढण्याचे गणित तो भर समुद्रात शिकला. सत्तावीस दिवसांनी हवाई बेटे दिसली.

हवाईतील मुक्काम फलदायी ठरला. वायकिकीच्या किनाऱ्यावर फळीवरून लाटांवर स्वार होणारे तरुण त्याने पाहिले, स्वतः तो प्रयोग करताना अंग भाजून घेतले आणि त्यावर लेख लिहिला. अमेरिकेत सर्फिंगची ओळख होण्यात या लेखाचा मोठा वाटा मानला जातो. मोलोकाई बेटावरील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत तो आणि शार्मियन काही दिवस राहिले. तेथील जीवनाविषयीच्या भयकथा अतिरंजित आहेत, हे त्याने जगाला ठामपणे सांगितले.

ऑक्टोबरमध्ये हिलो बंदरातून ‘स्नार्क’ मार्केसास बेटांकडे निघाली. प्रतिकूल व्यापारी वाऱ्यांमुळे हा मार्ग शिडाच्या नौकांसाठी जवळजवळ अशक्य समजला जाई. वाटेत निर्वात पट्टा लागला. गोड्या पाण्याचा निम्म्याहून अधिक साठा वाहून गेला. पाऊस धावून आला म्हणून निभावले. साठ दिवसांनी नुकू हिवा बेट गाठल्यावर जॅक घोड्यावर बसून ताईपी खोऱ्यात गेला. हर्मन मेल्व्हिलच्या ‘ताईपी’ या पुस्तकातून बालपणी मनात रुजलेले हे खोरे. तेथील सुदृढ, देखण्या माणसांची वस्ती आता उरली नव्हती. बाहेरून आलेल्या रोगांनी ती संपवली होती आणि जे मूठभर लोक शिल्लक होते ते क्षय, कुष्ठरोग, हत्तीरोग यांनी जर्जर झाले होते. गोऱ्यांचे पूर्वज अशा रोगजंतूंशी झुंजून तगले, म्हणून त्यांचे वंशज टिकतात, असा निष्कर्ष जॅकने काढला. वंशश्रेष्ठतेच्या त्या काळातील कल्पना त्यानेही बाळगल्या होत्या. या निष्कर्षाची परीक्षा पुढे त्याच्याच शरीरावर व्हायची होती.

ताहिती, बोराबोरा, सामोआ, फिजी असा प्रवास होत राहिला. वादळ असो वा शांतता, रोज हजार शब्द लिहिण्याचा नेम त्याने मोडला नाही. ‘मार्टिन इडन’ ही कादंबरी याच प्रवासात, फेब्रुवारी १९०८ मध्ये ताहितीत पूर्ण झाली. फिजीत कप्तानाला निरोप दिल्यावर त्याने नौकेचे नेतृत्व स्वतःकडे घेतले आणि न्यू हेब्रिडीज, म्हणजे आजच्या वानुआतूमधील तान्ना बेट अचूक गाठले. शिकाऊ नावाड्याच्या आयुष्यातील तो सर्वोच्च क्षण होता.

सॉलोमन बेटांवर मात्र घात झाला. हिवतापाने सारी नौकाच अंथरुणाला खिळली. साध्या ओरखड्यांतून ‘यॉज’ या रोगाची व्रणे चिघळू लागली. वैद्य नसल्याने जॅक स्वतःच पाऱ्याचे जहाल औषध लावून उपचार करू लागला. मग त्याचे हात सुजले, कातडीचे थर सोलून निघू लागले, दोर धरणेही अशक्य झाले. नोव्हेंबर १९०८ मध्ये तो आगबोटीने सिडनीला गेला. तेथे एक शस्त्रक्रिया झाली, पण हातांच्या विकाराचे निदान डॉक्टरांना करता आले नाही. अखेर त्याने सफर सोडून दिली. सात वर्षांचा बेत दोन वर्षांच्या आतच आटोपला. ‘स्नार्क’ खर्चाच्या मानाने नगण्य किमतीला विकली गेली.

जुलै १९०९ मध्ये तो कॅलिफोर्नियात परतला. या प्रवासाचा वृत्तांत ‘द क्रूझ ऑफ द स्नार्क’ या नावाने १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्याने आपली फजिती, नौकेचे दोष आणि देहाची दुर्दशा काहीही झाकून ठेवले नाही. हातांचा विकार ओसरला, तरी पूर्वीचे आरोग्य परत आले नाही. २२ नोव्हेंबर १९१६ रोजी, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, मूत्रपिंडे निकामी होऊन त्याचे निधन झाले. पाऱ्याच्या त्या औषधाचाही यात हात असावा, असे काही चरित्रकार मानतात.

ज्या रोगांपुढे ताईपीचे लोक हरले, तसल्याच रोगांपुढे त्यांच्यावर निवाडा देणारा हा बलदंड लेखकही हरला. आज उपग्रहांच्या साहाय्याने स्थान कळते आणि पेनिसिलिनच्या शोधानंतर ‘यॉज’ बरा करणे सोपे झाले आहे. त्यामुळे या बेटांकडे निघणाऱ्या हौशी नावाड्यांची वाट पुष्कळ सुकर झाली आहे. तरीही शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे ते पुस्तक वाचले जाते. समुद्रापुढे आणि आजारापुढे आपण किती लहान आहोत, हे त्यात एका गर्विष्ठ माणसाने हसतमुखाने मान्य केले आहे.