विश्वेश्वरय्या शिकले पुण्यात

निपाणी-बेळगावकडची कितीतरी मुले आज मोबाईल आणि बिनतारी संगणन शिकतात. पदवीवर नाव असते विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे, १९९८ साली बेळगावात सुरू झालेल्या. मराठी शाळेतून गेलेल्या मुलाला सुरुवातीला वर्गातले इंग्रजी जड जाते, आजूबाजूचे कन्नडही. मग सुट्टीत घरी आला की तो म्हणतो, हे विद्यापीठ काही आपले नव्हे. अशा मुलांना मी विश्वेश्वरय्यांची गोष्ट सांगतो.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६१ चा, मुद्देनहळ्ळीचा. घरची भाषा तेलुगू, मुलूख कन्नड. वडील लवकर गेले. शिकवण्या करीत बंगळूरला बी.ए. झाले. म्हैसूर संस्थानात तेव्हा अभियांत्रिकीचे कॉलेजच नव्हते. संस्थानाच्या मदतीवर हा मुलगा पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, आला. ना घर आपले, ना बोली आपली. १८८३ साली परीक्षेत पहिला आला आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागला. त्या वेळी आपले बेळगाव-निपाणीही त्याच इलाख्यात होते.

नाशिक, खानदेश, पुणे असा नोकरीचा प्रवास झाला. खडकवासल्याला त्यांनी बसवलेली दारे पाणी ठरावीक उंचीला पोचले की आपोआप उघडत, उतरले की मिटत. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला. आमची मुले प्रकल्प म्हणून टाकीतल्या पाण्याची पातळी मोबाईलवर कळवणारे यंत्र करतात, तेव्हा मला हीच दारे आठवतात. तिथे निरोप द्यायला लहरी नव्हत्या. पाणीच आपल्या जोराने दार हलवी.

१९०९ साली ते म्हैसूरला मुख्य अभियंता झाले, १९१२ साली दिवाण. लोक कृष्णराजसागर धरणाचे नाव घेतात. मला त्याहून मोठे वाटते ते १९१७ सालचे बंगळूरचे अभियांत्रिकी कॉलेज. जे शिकायला स्वतःला परमुलखात जावे लागले, ते त्यांनी पुढच्या पोरांसाठी घराजवळ आणले. त्याच्या आदल्याच वर्षी म्हैसूर विद्यापीठ निघाले होते.

१९५५ साली भारतरत्न मिळाले. एप्रिल १९६२ मध्ये, शंभरी ओलांडून, ते गेले. मोबाईल त्यांनी पाहिला नाही.

निपाणीहून संकेश्वरमार्गे बेळगावला जाताना बसमध्ये फोनवर बोलत बसावे, तर एक मनोरा ते बोलणे न तोडता पुढच्या मनोऱ्याच्या स्वाधीन करतो. (तवंदी घाटात तुटते कधी कधी, ते सोडा.) हे कसे घडते, ते त्याच बसमधली पोरे बेळगावात शिकतात आणि शनिवारी घरी येऊन आजीला मराठीत समजावून सांगतात.